मध्येच विझवलेली आग

बकरी ईदच्या आदल्या दुपारी राख मळायची, हे आमच्या घरात माझं काम. चुलीतली राख मी वर्षभर पोत्यात साठवते, ती चाळते, रॉकेल घालून कणकेसारखी मळते आणि दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत दाबून भरते. सूर्य बुडाला की ते डबे गच्चीच्या कठड्यावर ओळीनं मांडायचे आणि पेटवायचे. आमच्या डोंगरांत घरोघरी हे करतात. शहरातले लोक हसतात, हसू देत. त्यांच्या विजेच्या माळा दर दोन दिवसांनी बंद पडतात, माझी राख वाऱ्यातसुद्धा निवांत जळत राहते.

हबील गावातलं आमचं घर अगदी कड्यावरचं, शेवटचं. पुढे खोल घळ आणि घळीपलीकडे दिमना गाव. दिमन्यातलं पहिलं घर महयूबचं. महयूब हा माझ्या भावजयीचा, गुसूनचा, थोरला भाऊ. गुसून आमच्या रदमानशी लग्न करून आली तेव्हा अदनमध्ये इंग्रज होते. सरहद्द तेव्हाही होती म्हणतात, पण ती पाळायची असते हे कुणाला माहीत नव्हतं. मग इंग्रज गेले. दक्षिणेत कॉम्रेडांचं सरकार आलं, उत्तरेत फौजवाल्यांचं, आणि घळीच्या तळातल्या ओढ्याच्या दोन काठांना दोन देश झाले. आमचं हबील दक्षिणेत राहिलं, दिमना उत्तरेत. मला काही ती रेघ कधी दिसली नाही. दोन्हीकडच्या शिपायांना दिसत असावी, कारण ते तिच्यावरून भांडायचे.

महयूबला मात्र दोन्ही सरकारांची मिळून जेवढी फौज होती तिनं काही फरक पडला नाही. आमच्यात ईदला भावानं सासरी दिलेल्या बहिणीच्या दारात जायचं असतं, तिच्या मुठीत ईदी ठेवायची असते. ज्या बाईच्या दारात ईदला भाऊ येत नाही, तिला सासरी कुणी काही बोलत नाही, पण बायका तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. गुसूनला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे बायकांना बघायला आधीच एक कारण होतं. दुसरं कारण महयूबनं कधी मिळू दिलं नाही. सकाळची नमाज झाली की तो शेरडांच्या वाटेनं घळ उतरायचा, ओढा ओलांडायचा, आमच्या बाजूच्या चढावरच्या बोरीच्या झाडापाशी दम खायचा आणि तिथूनच हाक मारायचा. त्याची हाक ऐकली की गुसून इतकी धावपळ करायची की एकदा तिनं मिठाच्या जागी साखर घातली.

"दौला, अजून आहेस का तू?" तो दारातच मला विचारायचा. "मी तर वाटेत तुझ्या नावानं फातिहा म्हणून आलो."

"तुझे बदाम मोजून होईपर्यंत मरायला फुरसत कुठे मिळते," मी म्हणायची. महयूब कंजूस होता. ईदी द्यायचा, पण बदाम-बेदाणे असे मोजून आणायचा की पाहुण्यासमोर ताटली भरताना मला कसरत करावी लागे. रदमानसाठी मात्र तो कमरेला बांधून गातच्या नशेच्या पानांची जुडी आणायचा. आमच्याकडे तेव्हा ती पानं चघळायला सरकारनं आठवड्यातले ठरावीक दिवस नेमून दिले होते. दोघं मेव्हणे गाल फुगवून संध्याकाळपर्यंत बसायचे आणि दोन्ही सरकारांना मिळून शिव्या घालायचे. माझ्या भावाला सख्खा भाऊ नव्हता. महयूब होता.

आगीचा एक नियम आहे, तो सांगितला पाहिजे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, ते घर ईदला आग लावत नाही. समोरच्या डोंगरावरचे नातलग ते अंधारं घर बघतात आणि शोकाला येतात. आणि आग पेटलेली असतानाच घरात कुणी गेलं, तर तिच्यावर माती टाकून ती विझवतात. त्याचा अर्थ, आत्ताच गेलं, असाल तसे निघा. मी लहान असताना असं एकदा झालेलं पाहिलं होतं. समोरच्या डोंगरावरून माणसं मशाली घेऊन पळत उतरत होती. त्या सगळ्या कटकटीच्या वर्षांत, जेव्हा पत्र पोचायला महिने लागायचे, तेव्हा गुसून आणि महयूब एकमेकांची खुशाली या आगीवरून ओळखत. आधी तो पेटवायचा, तो थोरला म्हणून. मग आम्ही.

मग देश एक झाला. नव्वद सालच्या मे महिन्यात अदनमध्ये झेंडा चढला, शिपाई घळीवरून निघून गेले. महयूब सवयीनं शेरडांच्या वाटेनंच येत राहिला. मोठ्या रस्त्यानं आलो तर पाहुणा झाल्यासारखं वाटतं, म्हणायचा. मला खरंच वाटलं होतं की आता सुटलो. मी चांगली शहाणीसुरती बाई, पण त्या वेळी मी रेडिओवरच्या एकीच्या गाण्यांना भुलले, हे खरं.

चार वर्षांत उत्तरेतल्या सानामधले आणि दक्षिणेतल्या अदनमधले मोठे लोक एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. दोन्हीकडच्या फौजा एक करायच्या राहूनच गेल्या होत्या. यांच्या पलटणी तिकडे आणि त्यांच्या इकडे, शेजारी शेजारी तळ ठोकून होत्या. वसंतात बातमी आली की उत्तरेत एका तळावर शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांवर रणगाडे चालवले. आदल्या दिवशी एका पातेल्यात हात घालून जेवलेली पोरं ती. आठवडाभरात विमानं अदनकडे जायला लागली. रेडिओवर साना म्हणे, ही एकीची लढाई. अदन म्हणे, ही इभ्रतीची लढाई. माझ्या शेळ्या मात्र आटल्या, कारण घळीत तोफा वाजायला लागल्या होत्या आणि त्या चरायला तयार नव्हत्या.

गावातले बहुतेक लोक खाली दक्षिणेला, लाहेजकडे निघून गेले. आम्ही राहिलो. गुसून म्हणाली, माझं माहेर समोर आहे, मी पाठ करून जाणार नाही. कड्यावर आमच्या घराच्या पलीकडे दक्षिणेच्या फौजेनं चौकी बसवली. तिथला लेफ्टनंट बासुवैद हा दूर पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या हद्रामौतचा, कोवळा, अदबशीर पोरगा. मला 'अम्मा' म्हणायचा आणि पाणी मागताना दहा वेळा माफी मागायचा. त्याच्या शिपायांतही इकडचा कुणी नव्हता. म्हणून वाटा दाखवायला त्यानं रदमानला बोलावलं. रदमान रोज सकाळी जायचा आणि दुपारी यायचा. काय केलंत विचारलं तर म्हणायचा, डोंगर दाखवला.

ईदला तीन-चार दिवस उरले असताना रेडिओनं सांगितलं की ईदचे तीन दिवस तोफा बंद राहतील. गुसून तेव्हा तव्यावर लहूहच्या जाळीदार भाकऱ्या टाकत होती. तिनं तवा तसाच ठेवला, फडताळातून बेदाण्यांची थैली काढली आणि निवडायला बसली.

"हे काय?" रदमाननं विचारलं.

"महयूब येईल ना."

"लढाईत कोण येतं?"

"लढाई थांबलीय की. त्याच्यासाठीच थांबली असेल," ती हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. "अहो, असे काय बघताय? त्यानं एक तरी ईद चुकवलीय का?"

रदमाननं हातातला घास ताटात ठेवला. "ती वाट बंद आहे."

"कुणी बंद केली?"

"तिथे सुरुंग पेरलेत. बोरीपासून खाली, वळणापर्यंत."

गुसूनचे हात बेदाण्यांत तसेच राहिले. तिनं फार हळू विचारलं, "त्या हद्रामी पोरांना शेरडांची वाट कशी कळली?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग मी बोलले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. एवढंच सांगते, आमच्या बापाचं नावसुद्धा त्यात आलं.

"आक्का, त्यांनी विचारलं, तिकडून माणूस कुठून चढू शकेल," रदमान म्हणाला. "मी रुंद वाट दाखवली. ते म्हणाले, अजून. मला वाटलं, या कड्यावर आधी आपलंच घर आहे. तिकडून कुणी चढलं तर आधी तुम्ही दोघी सापडाल. आणि मला वाटलं, लढाईत ईदला कोण येतं."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. तो विचार करतो, फक्त एक पाऊल कमी करतो. लहानपणापासून त्याचं तसंच आहे. शेळ्यांना कुंपण घालायचा आणि दार ठेवायला विसरायचा.

मग आम्ही तिघं बसलो. मोठ्या रस्त्यावर दोन्ही फौजा, तिथून निरोप जाणं शक्य नव्हतं. घळ इतकी रुंद की हाक पोचत नाही. रदमान बासुवैदकडे सुरुंग काढा म्हणून सांगायला गेला. त्यानं ऐकून घेतलं, पण वरून हुकूम आल्याशिवाय हात लावता येणार नाही म्हणाला. सूर्य बुडाल्यावर कुणी घराबाहेर दिसायचं नाही असाही हुकूम होता. राहिली आग.

"नाहीच लावली तर?" मी म्हटलं. "अंधार बघून त्याला कळेल, इकडे काही ठीक नाही."

"अंधार बघितला तर त्याला वाटेल मी मेले," गुसून म्हणाली. "मग तो रात्रीच निघेल. लावली तर त्याला वाटेल सगळं ठीक आहे, आणि तो येईलच. आक्का, तो दोन्हीकडून येतो."

हे तिनं असं सांगितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता, तीच आता गळ्याशी आली होती.

शेवटी रदमानच म्हणाला, "लावायची. आग दिसली की तो सकाळी नमाज करूनच निघेल, त्याच्या वेळेला. मी उजाडायच्या आधी बोरीच्या वरच्या खडकावर जाऊन बसतो. तो ओढ्यापाशी आला की तिथूनच ओरडून थांबवतो. बासुवैदला सांगून ठेवलंय, तो तेवढं जाऊ देईल." आणि त्यानं हात गालाला लावला. "महयूब माझ्या चेहऱ्यावर."

आमच्याकडे याच्यापुढे शपथ नाही. असं म्हटलेला शब्द मोडला तर माणसाला चेहरा उरत नाही. गुसूननं मान हलवली. तिचा जीव थोडा भांड्यात पडला, हे मी पाहिलं.

ईदच्या आदल्या दुपारी मी राख मळली. त्या वर्षी रॉकेल जेमतेम होतं. गावात दुसऱ्या कुणी डबे भरले नाहीत. जे पाच-सहा घरांतले म्हातारे उरले होते ते लढाईला भिऊन अंधारात बसणार होते. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. तोफा खरंच बंद होत्या. इतकी शांतता बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती, पलीकडच्या गाढवाचं ओरडणंसुद्धा ऐकू येत होतं. सूर्य गेला, आणि दिमन्याच्या पहिल्या घरावर एक ठिपका पेटला, मग दुसरा, मग पूर्ण ओळ.

"आहे तो," गुसून म्हणाली. "बघा, आहे." तिनं काडी ओढली आणि आमची ओळ पेटवली. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहिलो. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही उगाचच हसलो. काय बोललो ते आठवत नाही. महयूबच्या बदामांवरूनच काहीतरी असेल.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. बासुवैद आणि त्याचे दोन शिपाई वर आले.

"अम्मा, ईद मुबारक," तो म्हणाला. "पण ही आग विझवायला हवी. हिच्यावरून तिकडचे तोफखानेवाले नेम धरतील."

"तीन दिवस बंदी आहे ना?" मी म्हटलं.

"कागदावर आहे, अम्मा."

"तिकडेही पेटवलीय की," रदमान म्हणाला. "हा रिवाज आहे आमचा. दोन्हीकडे पेटवतात."

"आमच्याकडे असा रिवाज नाही. माझा कॅप्टन म्हणतो, इशारा चाललाय."

गुसून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाळा, आपोआप विझू दे. थोडीच राहिलीय. मध्येच विझवू नकोस, तुझ्या आईची आण. माती टाकली तर माझ्या भावाला वाटेल घरात कुणी गेलं. तो पळत येईल. त्या वाटेनं येईल."

त्याला ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही. शब्द कळले. पण रिवाज असा शब्दांनी कळत नसतो. आगीवरून कुणी मरण वाचतं आणि लढाईच्या मधोमध घर सोडून पळत सुटतं, हे समुद्रकाठच्या त्या पोराला म्हातारीच्या गोष्टीसारखं वाटलं असणार. शिवाय खालून कॅप्टनचा आवाज येत होता, मघाचपेक्षा चढलेला. "माफ करा, अम्मा," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच कोपऱ्यातल्या कुंड्यांमधली तुळशीची माती उपसून एकेका डब्यावर टाकली. शिपायाला सांगितलं नाही, स्वतः टाकली. अदबशीर पोरगा.

ओळ गेली. आम्ही पलीकडे बघत राहिलो. तिकडची ओळ जळत होती. मी मनात म्हटलं, त्याचं लक्ष नसेल. जेवत असेल. बायकोशी भांडत असेल. मग तिकडचाही एक ठिपका गेला, मग शेजारचा, आणि पूर्ण ओळ काळी झाली. बहिणीच्या घरी माणूस गेलं की भावाच्या घरी आग ठेवत नाहीत.

"निघाला," गुसून म्हणाली.

रदमान जिना उतरून पळाला. चौकीपाशी त्याला अडवलं, हुकूम होता. तो त्यांच्या अंगावर गेला, त्यांनी त्याला खाली पाडलं, बासुवैद मध्ये पडला, सगळे एकदम बोलत होते. आम्ही दोघी कड्यावरून ओरडत होतो. महयूब, येऊ नको. सगळे जिवंत आहेत, येऊ नको. गुसूनचा आवाज बसला तरी ती ओरडत होती. पुढे दिमन्यातल्या बायका म्हणाल्या की ओरडणं पोचलं होतं, शब्द नव्हते पोचले. त्यांना वाटलं, रडणं चाललंय.

महयूबचे पाय म्हातारे झाले होते, पण त्या रात्री त्यानं बोरीपाशी दमही खाल्ला नसता. बोरीपर्यंत तो आलाच नाही. खालच्या वळणावर आवाज झाला. एकच.

मग रदमानला कुणी अडवलं नाही. तो त्या वाटेनं खाली गेला, सुरुंगांमधून, आणि महयूबला पाठीवर घेऊन वर आला. दुसरा कुठलाही सुरुंग फुटला नाही. फुटावा अशी त्याची इच्छा होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं. महयूबच्या खांद्याला पांढरं नवं कापड बांधलेलं होतं, घडी घातलेलं. कफनाचं. कमरेच्या पट्ट्यात ईदी होती आणि बेदाण्यांची पुडी होती. काय झालं असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही घेतलं असणार.

ईदच्या सकाळी आम्ही त्याला त्याच कापडात गुंडाळून हबीलच्या कबरस्तानात पुरलं. पलीकडे नेता येत नव्हतं. नमाजेला रदमान, गावातले चार म्हातारे, आणि मागच्या रांगेत फौजी टोपी काढून, डोक्याला रुमाल बांधून बासुवैद. त्याच रात्री अदनच्या रेडिओनं सांगितलं की दक्षिण पुन्हा वेगळा देश झाला. म्हणजे महयूब पुन्हा परदेशात पडला होता.

पुढची लढाई मी सांगावी असं काही नाही. ईद संपली, तोफा सुरू झाल्या, आमच्या गोठ्याची भिंत गेली. काही दिवसांनी एका सकाळी चौकी रिकामी दिसली. बासुवैद मागे हटला, पुढे त्याचं काय झालं कळलं नाही. मग मोठ्या रस्त्यानं उत्तरेची फौज आली, तिच्या मागून टोळ्यांचे लोक आले, आणि ते सगळे अदनकडे गेले. अदनमध्ये पाणी तुटलं, लोक मशिदींच्या जुन्या विहिरी उपसत होते असं ऐकलं. जुलैत अदन पडलं. त्या टोळ्यांच्या गाड्या परत जाताना मी रस्त्याला उभी राहून पाहिल्या. फ्रिज, दारं, खिडक्यांच्या चौकटी, एका गाडीवर तर शाळेचे बाक. देश एक झाला होता आणि एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याचे बाक घेऊन घरी चालला होता.

पण त्याआधी, फौज पुढे सरकली आणि रस्ता खुला झाला त्याच आठवड्यात, शमसान आला. महयूबचा थोरला मुलगा, दोन पोरांचा बाप. तो साध्या कपड्यांत, शोकाला येतात तसा आला. हातात कॉफीच्या सालांची थैली आणि साखर. त्या रात्रीचा आवाज त्यांनी तोफेचा धरला होता, आणि त्याला वाटत होतं की बाप लढाईमुळे इकडेच अडकलाय, आत्याकडे शोकाला बसलाय. दारात गुसूनला बघून तो थबकला. मग त्यानं रदमानला पाहिलं, मग मला. पुन्हा एकदा तिघांकडे पाहिलं.

"सगळे तर आहात," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद येऊ लागला होता, तो मी पाहिला आणि मला तो विसरता येत नाही. "मग गेलं कोण?"

गुसूननं त्याचा हात धरला आणि त्याला कबरस्तानात नेलं. आम्ही मागून गेलो नाही.

ती दोघं परत आली तेव्हा दुपार झाली होती. शमसाननं मला विचारलं की कफनाचं कापड अंगभर पुरलं का. त्याच्या आईनं ते मक्केहून स्वतःसाठी आणलेलं, जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवून वाळवलेलं. तिनंच नवऱ्याच्या खांद्याला बांधलं होतं. तिकडे दुकानं बंद असतील, गुसूनला काय गुंडाळणार, म्हणाली होती. मी म्हटलं, पुरलं.

जाताना तो म्हणाला, "आत्या, ती वाट हद्रामी लोकांना ठाऊक असणं शक्य नाही. इथल्याच कुणीतरी दाखवली. गावातले मोठे म्हणतात, सोडून दे, लढाई होती. पण ज्या दिवशी नाव कळेल त्या दिवशी मी सोडणार नाही." मग त्यानं रदमानच्या खांद्यावर हात ठेवला. "आतोबा, बाबांना तुम्ही तिथून उचलून आणलंत. आम्ही ते विसरणार नाही."

त्या संध्याकाळी रदमान गोठ्यात बैलाचा दोर सोडत होता. गुसूननं विचारलं, कुठे.

"दिमन्याला. त्यांच्या दारात माफीचा बैल कापतो आणि सगळं सांगतो. पुढे ते ठरवतील ते मान्य."

"ते काय ठरवणार ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हातारे बैल घेतील, पण शमसान घेणार नाही. तो तुम्हाला मारेल. त्याला मारावंच लागेल, त्याचा नाइलाज आहे. मग तो तुरुंगात जाईल, त्याची पोरं उघड्यावर पडतील, आणि माझ्या माहेराचं दार बंद होईल. तुमचं ओझं हलकं होईल, हो. माझं काय होईल?"

"मग मी काय करू, गुसून?"

"जगा," ती म्हणाली. "आणि गप्प राहा."

तिनं बैलाचा दोर त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा बांधला. त्यानंतर या घरात त्या गोष्टीवर कुणी बोललेलं नाही. आता मी लिहितेय, कारण शमसान गेल्या साली वारला, आजारपणानं, आणि रदमान त्याच्याआधी. आता हे कळून कुणाला कुणाचं काही करायचं उरलेलं नाही.

शोकाचं वर्ष संपलं तशी पुढच्या ईदला दिमन्यात आग पेटली, आणि आम्हीही पेटवली. मध्येच विझू नये म्हणून मी शेवटचा डबा विझेपर्यंत कठड्याशी बसते. अजून बसते. सकाळी शमसान यायचा, बापाच्याच वाटेनं. फौजेनं सुरुंग काढले म्हणून सांगितलं होतं, पण पुढे एका पावसाळ्यात आमची शेळी तिथेच गेली. म्हणून रदमान दर ईदला उजाडायच्या आधी ओढ्यापर्यंत उतरायचा आणि शमसान आला की त्याच्या पुढे चालायचा. जातानाही तसंच, पुढे.

"आतोबा, वाट मला पाठ आहे," शमसान म्हणायचा. वर आला की माझ्याजवळ बसून सांगायचा, "दौला आक्का, अख्ख्या दिमन्यात असा आतोबा कुणाला नाही. बाबांसारखं जपतात."

"तुझ्या बापासारखे बदाम मोजत नाहीत, एवढं बरं आहे," मी म्हणायची, आणि तो हसायचा. गुसूनच्या मुठीत तो ईदी ठेवायचा, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. मग ती आल्याची कॉफी आणायची, आधी शमसानला द्यायची, मग रदमानला. कप त्याच्या हातात द्यायची. रदमान दोन्ही हातांनी घ्यायचा आणि बराच वेळ प्यायचा नाही, नुसता धरून बसायचा.

शमसानला त्यात काही विशेष दिसलं नाही, आणि दिसू नये म्हणूनच ती तसं करायची. महयूबला पुरलं त्या दिवसापासून गुसूननं नवऱ्याच्या हातात काही दिलं नव्हतं. ताट असो, पाणी असो, ती त्याच्यासमोर जमिनीवर ठेवायची आणि निघून जायची. वर्षातला तो एक कप सोडला तर, तो मरेपर्यंत.